बोटभर पैलवान

राघो भोईराचं नाव निघालं आणि कोणी हसलं, की माझे आजोबा पानाचं तबक बाजूला सारून उठून जायचे. भांडायचे नाहीत, बोलायचे नाहीत, नुसते उठून आत जायचे. हसणाऱ्याला मात्र पुढे बरेच दिवस आमच्या ओटीवर यायला तोंड राहत नसे.

लोकांना हसू यायचं ते एवढ्याचसाठी, की राघो गावच्या तालमीत भल्याभल्यांना उचलून खाली आणायचा आणि बाहेरच्या मैदानात उतरला की हरून यायचा. ठाण्याला हरला, भिवंडीला हरला, कल्याणला हरला. त्याला ‘बोटभर पैलवान’ म्हणायचे. जिंकायला नेमका बोटभर कमी पडतो, म्हणून. असली नावं ठेवायला आमच्या लोकांना कधी वेळ कमी पडत नाही. मला या नावाची चीड आहे. आजोबांनी ही हकिकत मला सांगितली ती एका अटीवर, की राघो आणि त्याची बायको सगुणा हयात आहेत तोवर तोंडातून काढायची नाही. आता ती दोघं नाहीत, आजोबाही नाहीत.

त्या काळी डोंबिवली हे भातशेतांमधलं एक खेडं होतं. आगगाडी शेजारून धूर सोडत कल्याणला जायची, पण थांबायची नाही, कारण थांबायला स्टेशनच नव्हतं. कोपरच्या पलीकडे, दिवा गावाच्या अंगाला, खाडीला चिकटून आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे आमची सोयरीक आहे आणि मला अजून जेवायला जावं लागतं. गावाचे दोन पाडे, वरचा आणि खालचा. पावसाळ्यात खारजमिनीवर भात करायचं आणि पाऊस सरला की मिठागरावर राबायचं, हाच दोन्ही पाड्यांचा धंदा. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध होता. भरतीचं खारं पाणी त्या बांधाने अडवलं होतं, म्हणून गाव जेवत होतं.

हा बांध एकदा कुस्तीपायी फुटला. राघोच्या जन्माच्या सुमाराची गोष्ट. नागपंचमीला तालमीच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, वरच्या पाड्याचा एक आणि खालच्या पाड्याचा एक असे दोघे लढले. एकाची पाठ मातीला लागली की नाही, यावरून वाद झाला. लागली म्हणणारे निम्मे, नाही म्हणणारे निम्मे. वाद शिव्यांवर गेला, शिव्या काठ्यांवर गेल्या, आणि भरतीची वेळ साधून कोणीतरी बांध कापला. कोणी कापला ते आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. खारं पाणी शेतात शिरलं ते काही तुझा पाडा कुठला म्हणून विचारत बसलं नाही. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी गावात भात पिकला नाही. रानातले कंद उकडून लोक जगले, आणि काही घरांतली लहान पोरं जगलीही नाहीत.

मग दोन्ही पाड्यांच्या जाणत्यांनी गावदेवीसमोर शपथ घेतली. तालीम चालू राहील, दोन्ही पाड्यांची पोरं एकाच मातीत खेळतील, म्हणजे एकमेकांचं अंग ओळखतील आणि पुन्हा बांधावर हात टाकणार नाहीत. पण त्या मातीला गावातल्या कोणाची पाठ लागता कामा नये. डाव टाकायचा, समोरच्याला खाली आणायचं, आणि पाठ मातीपासून बोटभर राहिली की सोडून द्यायचं. लागली का नाही लागली, हा प्रश्नच नको. तेव्हापासून आमच्या गावात कोणी कुस्ती हरला नाही. तसा कोणी जिंकलाही नाही, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

घाटावर मोठा दुष्काळ पडला तेव्हा पुष्कळ माणसं खाली कोकणात उतरली. त्यांत दौलत वस्ताद आला. साताऱ्याकडचा, एकटाच. बायको-पोरं दुष्काळात गेली असं लोक म्हणत. तो स्वतः त्याबद्दल कधी बोलला नाही. अंगावर मांस राहिलं नव्हतं, पण कान चुरगळलेले होते, त्यावरून जाणत्यांनी ओळखलं की हा माणूस मातीतला आहे. गावाने त्याला तालमीच्या पडवीत जागा दिली, पाळीपाळीने दोन वेळचं जेवण दिलं आणि शपथ समजावून सांगितली. त्याने मान्य केली. उपाशी माणूस काय मान्य करणार नाही? पण पुढे त्याने ती पोट भरल्यावरही पाळली, हे त्याचं मोठेपण. पोरं जोडीने खेळायला लागली की हा हौद्याच्या काठावर गुडघे टेकून बसायचा, मान वाकडी करून पाठ आणि माती यांच्यामधली फट बघायचा, आणि बोटभर राहिली की गरजायचा, “सोड!”

आमच्या आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. आम्ही ‘सोर’ म्हणतो. त्यामुळे वस्तादाचा तो घाटी ‘सोड’ गावभर उठून ऐकू यायचा. पोरांच्या हातांना तो इतका सवयीचा झाला की पुढे पुढे शब्द यायच्या आधीच हात सुटायचे.

राघो वरच्या पाड्याचा. बाप लहानपणीच वारला, आई मिठागरावर मिठाच्या टोपल्या वाहायची. वस्ताद गावात आला तेव्हा राघो बारा-तेरा वर्षांचा असेल. वस्तादाने त्याला पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या ताटातली भाकरी मोडून त्याला द्यायला लागला. पोरगा होताच तसा. रुंद हाडाचा, शांत, एकदा सांगितलं की ऐकणारा. पाच-सहा वर्षांत त्याच्या अंगात असं काही आलं की खेळताना तो कधी घुसला आणि समोरचा कधी खाली गेला, हे काठावरच्यांना कळायचं नाही. त्याच्याशी रोज झोंबायला जोडीदार लागायचा तो काळुराम, खालच्या पाड्याचा. हा काळुराम म्हणजे माझे आजोबा, पण त्या वेळी ते विशीतले होते आणि राघो त्यांना ‘काल्या’ म्हणायचा, तेव्हा मीही इथे काळुरामच म्हणतो.

पोरगा गावाचं नाव काढणार असं दिसल्यावर गावाने त्याचं दूध बांधून दिलं. रोज एका घराने तांब्याभर दूध तालमीत पोचवायचं, आज वरच्या पाड्याच्या घराने, उद्या खालच्या. ज्यांच्या घरी म्हैस नव्हती ते शेजाऱ्याकडून मागून आणून देत. राघो ते दूध दोन्ही हातांनी घ्यायचा आणि प्यायच्या आधी आणणाऱ्याच्या पाया पडायचा, मग ती आठ वर्षांची परकरी मुलगी का असेना. दूध पिताना त्याची मान खाली असायची. त्या घरातली पोरं त्या दिवशी कोरी पेज पितात हे त्याला ठाऊक होतं.

आणि मग त्याच्या नावाचा गवगवा सुरू झाला. कल्याणच्या बाजारात आमचे लोक भात आणि मीठ घेऊन जायचे. माल उतरेपर्यंत तोंड रिकामंच, मग राघोच्या गोष्टी. बाहेरचे पैलवान मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या तालमीत एक-दोन दिवस खेळायला येऊ लागले. राघो त्यांना एकामागून एक बोटभरावर आणायचा आणि सोडून द्यायचा. ते उठून अंगाची माती झाडत म्हणायचे, याला तोड नाही. जे स्वतः कधी लंगोट लावून हौद्यात उतरले नव्हते ते सगळ्यांत मोठ्याने सांगायचे, की ठाण्यापासून कल्याणपर्यंत याच्यासमोर उभा राहील असा माणूस आईच्या पोटातून आलेला नाही. दुसऱ्याच्या जिवावर असं बोलायला काही लागत नाही. मला या लोकांचा हसणाऱ्यांपेक्षा जास्त राग येतो.

पहिलं मैदान ठाण्याला, महाशिवरात्रीचं. गावातले निम्मे पुरुष होड्या करून गेले. राघोने सलामी दिली आणि थोड्याच वेळात समोरच्याला ढाक या डावावर घेऊन उलटा केला. त्याची पाठ मातीवर येऊन टेकणार, एवढ्यात राघोचे हात सुटले. तो सरळ उभा राहिला आणि वस्तादाकडे बघून हसला, तालमीत हसायचा तसा. समोरच्याला क्षणभर काही कळेना. मग त्याने पडल्या पडल्या राघोचा पाय ओढला, अंगावर आला आणि राघोची पाठ लावली. राघो आभाळाकडे बघत पडून राहिला. आपली पाठ मातीला लागते तेव्हा कसं वाटतं ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

लोक म्हणाले, माज. खेळवत बसला, म्हणून हरला. दुसऱ्या वर्षी भिवंडीला असंच झालं. या वेळी तो हसला नाही, पण हात सुटले ते सुटलेच. मग लोक म्हणाले, भित्रा. तालमीत वाघ, बाहेर शेळी. वस्ताद रात्रंदिवस विचार करायचा आणि त्याला एकच सुचायचं, पोराचा धीर सुटतो. त्याने जोर वाढवले, बैठका वाढवल्या, भल्या सकाळी खाडीच्या गार पाण्यात गळ्यापर्यंत उभं केलं. खरं कारण त्याच्या नाकासमोर होतं. पण ते बघायचं म्हणजे आपणच शिकवलेल्यात खोट बघायची, आणि तेवढं बळ फार थोड्या गुरूंना असतं.

भिवंडीनंतर गावकी बसली. दूध वाया चाललंय, वस्तादाचं जेवण वाया चाललंय, आणि बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, असं दोन्ही पाडे म्हणू लागले. निदान एवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं. गावच्या पाटलाने निर्णय सांगितला. येत्या दसऱ्याला कल्याणच्या मैदानात राघो जिंकला तर तालीम राहील. हरला तर तालमीला कुलूप, आणि वस्तादाने आपला रस्ता धरावा.

वस्ताद तेव्हा साठीला आला होता. गुडघे धरलेले, घाटावर कोणी उरलेलं नाही. तो कुठे जाणार होता? राघोला पाटलाचं बोलणं ऐकल्यापासून जेवण जाईना. स्वतःच्या हरण्याची त्याला लाज होती, पण ती तो गिळून बसला होता. वस्तादाने पडवीतली वळकटी उचलून चालू लागायचं, हे मात्र त्याच्या डोळ्यांसमोरून हटत नव्हतं.

नुकतंच त्याचं लग्न झालं होतं. सगुणा कोपरची. तिने कुस्ती कधी पाहिली नव्हती. बायका मैदानात जात नसत. एक दिवस भात लावताना, चिखलात वाकल्या वाकल्या तिने त्याला विचारलं.

“तो भिवंडीचा पैलवान खाली होता ना?”

“होता.”

“मंग वर कसा आयला?”

“मी सोरला त्याला.”

“कनाला?”

कशाला, हे राघोने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. त्याने हातातली रोपं बांधावर ठेवली आणि चिखलाच्या पायांनी थेट खालच्या पाड्यात काळुरामाच्या दारी गेला. काळुरामाने सगळं ऐकून घेतलं. रोज ज्याच्या हातांतून तो बोटभरावरून सुटत आला होता ते हात त्याच्यासमोर होते. त्याला लगेच उमगलं.

“राघ्या, तू हरत नाय. तू सोरतंस. हरनं येगलं,” तो म्हणाला. “तुला पाठ लावायला कोनी शिकवलंच नाय.”

“मंग आता कोन शिकवल?”

पाठ लावायला शिकायचं तर कोणाची तरी पाठ लागायला हवी. ती गावाबाहेरच्याची असती तर गोष्ट बाहेर फुटली असती. गावातल्याची असती तर शपथ. आणि राघो वरच्या पाड्याचा, काळुराम खालच्या. खालच्या पाड्याच्या माणसाने वरच्या पाड्याच्या माणसाला आपली पाठ दिली असं कळलं असतं, तर काळुरामाला त्याच्या सख्ख्या भावांनी घरात घेतलं नसतं.

“शपथ तालमीच्या मातीची हाय,” शेवटी काळुराम म्हणाला. “रेतीची नाय.”

ओहोटीला खाडीत रेतीचा एक पट्टा उघडा पडायचा, तिवरांच्या आड. ओहोटी साधून, जाळी लावायला जातो म्हणून दोघे तिथे जाऊ लागले. पहिल्या दिवशी राघोने काळुरामाला सहज खाली आणलं आणि हात सुटले. पुन्हा आणलं, पुन्हा सुटले. काळुराम खालून ओरडायचा, दाब, दाब रे! राघो दात-ओठ खायचा, पण बोटभर राहिलं की पंजे आपोआप उघडायचे. काळुरामाने त्याला आईवरून शिव्या दिल्या. वस्तादाच्या वळकटीची आठवण करून दिली. असे किती दिवस गेले कोण जाणे. एका दुपारी राघोने डोळे घट्ट मिटले, सगळं अंग काळुरामाच्या छातीवर टाकलं आणि त्याची पाठ रेतीत रुतवली.

आजोबा मला सांगायचे, “मीच सांगितलेलं, मीच दिलेली पाठ. तरी पन उठवंना मना. डोल्यांतून पानी आयला. इतकी वर्सं खेलत होतो, हरनं काय ते म्हाईत नव्हतं.” राघो त्यांच्याशेजारी रेतीत बसून राहिला. त्याने माफी मागितली नाही. मागितली असती तर आजोबांनी त्याच्या मुस्काटात दिली असती. भरतीचं पाणी पायाला लागलं तेव्हा दोघे उठले. त्यानंतर रोज काळुराम पाठ देत गेला आणि रोज ती थोडी कमी जड वाटत गेली.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. हे सगळं त्यांनी वस्तादाला सांगितलं नाही. काळुराम म्हणत होता सांगू या. राघो नको म्हणाला. सांगायचं म्हणजे वस्तादाच्या तोंडावर म्हणायचं, की तुमची दहा वर्षांची शिकवण बोटभर तोकडी होती, म्हणून मी हरलो. ज्याने आपल्या ताटातली भाकरी मोडून दिली त्याला असं कसं म्हणायचं? जिंकून दाखवू, मग त्याला काही कळायची गरजच नाही. आमच्या लोकांचं हे असं आहे. पाटलाला शिवी घालायला मागे-पुढे बघणार नाहीत, पण ज्याच्यावर माया आहे त्याला खरं सांगायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते.

दसऱ्याला कल्याणला मैदान भरलं. राघोसमोर जोड लावली ती हैबतीशी. हा हैबती कल्याणलाच इंजिनांत कोळसा टाकायच्या कामावर होता, हातांचे दंड असे की दोन्ही हातांत मावायचे नाहीत. आमच्या गावाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा गर्दीतून लोक हसले. ‘बोटभर आला रे, बोटभर,’ कोणीतरी ओरडलं. राघोने मान वर केली नाही. कपडे काढून काळुरामाच्या हातात दिले, वस्तादाच्या पायांना हात लावला आणि मातीत उतरला. वस्ताद काठावर बसला, तालमीत बसायचा तसाच, गुडघे टेकून. काळुराम त्याला खेटून उभा होता.

कुस्ती लांबली. हैबतीने दोनदा राघोला जवळजवळ उलटवलं आणि दोनदा राघो मासोळीसारखा निसटला. मग राघोला पट मिळाला. त्याने हैबतीचे दोन्ही पाय उपसले, त्याला खाली घेतला आणि छातीवर आला. हैबतीने डोकं आणि टाचा मातीत रोवून पाठीची कमान केली. आता हात सुटायची वेळ आली होती. अख्खं मैदान त्याचीच वाट बघत होतं, काही जण तर हसायला तोंड उघडून बसले होते.

हात सुटले नाहीत.

राघो दाबत राहिला. हैबतीची कमान उतरू लागली. खालच्या पाड्याचे, वरच्या पाड्याचे सगळे उभे राहिले. वस्तादाने दोन्ही हात मातीत टेकले, मान वाकडी केली आणि पाठ आणि माती यांच्यामधल्या फटीकडे डोळे लावले. त्याचं तोंड उघडं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्याच्यासमोर घडत होतं. फट चार बोटं झाली, मग दोन, मग एक.

“सोड!” वस्ताद गरजला.

आजोबांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. वस्तादाला मात्र ते ऐकू आलं नाही. सुखाने बेभान झालेला म्हातारा, ती वेळ आली तसा दहा वर्षं जे ओरडत आला तेच ओरडून गेला, आणि आपण काही बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं. पुढच्याच क्षणी अख्ख्या मैदानाचा गलका उठला आणि तो शब्द त्यात बुडून गेला.

राघोचे हात सुटले होते. आपल्या हातांना त्याने शिकवलं होतं, पण वस्तादाचा शब्द मोडायचं त्याने त्यांना कधी शिकवलं नव्हतं. हैबती वळला, राघोच्या कमरेत हात घातला आणि कुस्ती संपली.

सगळे होडीने घरी निघाले. वस्ताद पुढे बसला होता, पाठमोरा. कल्याण मागे पडल्यावर तो मागे न वळता म्हणाला, “का सोडलंस रं?”

काळुरामाने तोंड उघडलं. राघोने त्याचा दंड असा धरला की वळ उठले. काळुराम राघोकडे बघतच राहिला. राघोचे डोळे कोरडे होते आणि त्यांत एकच विनवणी होती. काळुरामाने तोंड मिटलं. आयुष्यात इतकं जड काम आपण दुसरं केलं नाही, असं आजोबा मला म्हणाले.

“घामानं हात सरकला, वस्ताद,” राघो म्हणाला.

“माती लावली व्हती की.”

“लावलेली. तरी पन सरकला.”

वस्तादाला पटलं नव्हतं. पोराने शेवटच्या क्षणी कच खाल्ली, हेच त्याने मनाशी धरलं.

तालमीला कुलूप लागलं. दूध बंद झालं. वस्ताद वळकटी काखेत मारून निघाला तेव्हा राघो वेशीवर उभा होता. त्याने वळकटी काढून घेतली आणि आपल्या घराकडे चालू लागला. वस्ताद मागोमाग गेला. दुसरं करणार काय?

पुढची सात-आठ वर्षं दौलत वस्ताद राघोच्या ओटीवर राहिला. राघो मिठागरावर राबायचा. मैदानात तो पुन्हा उतरला नाही. संध्याकाळी घरी आला की आधी वस्तादाच्या गुडघ्यांना तेल लावायचा, मग स्वतः हात-पाय धुवायचा. आणि वस्ताद, ओटीवर कोणीही येऊन बसलं की सांगायचा, याच्या हातांत समदं व्हतं, पर काळजात काय न्हाई. मी शिकवण्यात कसूर केली न्हाई, पण भित्र्याला कोण काय करणार? राघो शेजारी बसून तेल जिरवत राहायचा. येणारे-जाणारे हसायचे. ‘बोटभर पैलवान’ हे नाव पक्कं झालं ते याच ओटीवर.

सगुणाला काळुरामाने एकदा सगळं सांगून टाकलं. त्याच्याने राहवलं नाही. त्या दिवशी तिने वस्तादापुढे ताट आपटलं आणि चुलीपाशी जाऊन रडत बसली. राघो आत आला तेव्हा तिने त्याला धरलं.

“आज मी त्याला सांगनार. माजाच भात खातो न् माज्याच नवऱ्याला भित्रा बोलतो. कवरं ऐकायचं?”

राघो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. “सगुणा, त्याची बायको गेली. पोरं गेली. गाव गेला, तालीम गेली,” तो म्हणाला. “आपन शिकवलेलं खरं होतं, येवरंच त्याच्याकरं रायलंय. तेवरं पन काढून घेऊ?”

सगुणाने डोळे पुसले आणि वस्तादाला दुसरं ताट वाढून नेलं. तिने पुढे कधी हा विषय काढला नाही. पण लोक हसले की तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही, असं आजोबा सांगत.

वस्ताद गेला तो हिवाळ्यात. आठ दिवस ताप होता. शेवटच्या दिवशी सकाळी तो शुद्धीवर आला, राघोला जवळ बोलावलं आणि त्याच्या पंजावर आपला हात ठेवला. काळुराम आणि सगुणा दाराशी उभी होती.

“समदं दिलं तुला,” वस्ताद म्हणाला. “डाव दिलं, दम दिला. काळीज मातूर कुणाला देता येत न्हाई बघ. त्यात तुझा बी काय दोष न्हाई.” मग दम घेऊन म्हणाला, “मी तुला कवाच माफ केलंया, पोरा. तू मनात ठेवू नगं.”

राघो खाली वाकला आणि त्याने वस्तादाच्या पायांवर डोकं टेकलं.

“नाय ठेवत, वस्ताद,” तो म्हणाला.